एकच कमांड, एकच दिवस, तरी शाखाशाखांत आवृत्त्या वेगळ्या! दूरच्या लिनक्स मशीन्सचा मेळ कसा घालता?

भांडुपचा_पेंग्विन (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील म्हणून सगळं लिहितो.

आमची छोटी कंपनी आहे, विक्रोळीला. पतपेढ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो आणि सांभाळतो. शाखा पसरल्या आहेत विरारपासून बदलापूरपर्यंत, इकडे पनवेलपर्यंत. प्रत्येक शाखेत एक छोटं लिनक्स मशीन. त्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस), एन्जिनएक्स (वेब सर्व्हर) आणि आमचं ॲप्लिकेशन. दिवसाचा हिशोब बंद झाला की महापेच्या डेटा सेंटरमधल्या मुख्य सर्व्हरशी जुळवणी होते. बहुतेक मशीन उबुंटू (लिनक्सचं एक वितरण) २२.०४, काही जुन्या शाखांत २०.०४, आणि दोन ठिकाणी अजून १८.०४ आहे. एकूण चाळीसच्या वर मशीन आणि आम्ही माणसं दोन.

अडचण अशी. गेल्या आठवड्यात लालबाग आणि डोंबिवली या दोन्ही शाखांत मी एकाच दिवशी, एकापाठोपाठ तीच अपग्रेडची कमांड चालवली. दोन्ही मशीन २२.०४, एकाच इमेजवरून बसवलेली. डोंबिवलीला सिस्टिमडीची (मशीनवरच्या सर्व्हिस चालवणारी यंत्रणा) पॅकेजेस पुढे गेली, लालबागला त्याच पॅकेजेसपुढे 'केप्ट बॅक' (मागेच ठेवलं) असा शेरा आला. होल्ड (पॅकेज पुढे जाऊ नये म्हणून लावायचं कुलूप) कुठेही लावलेला नाही, तपासून पाहिलं.

दुसरं म्हणजे ठाण्याच्या शाखेत सकाळी काउंटर उघडला की अधूनमधून पोस्टग्रेस आपणहून रीस्टार्ट होतं. कॅशियरताई पहिलं व्हाउचर टाकतात आणि स्क्रीन अडकते.

सगळीकडे एकच आवृत्ती राहील, आम्ही ठरवू तेव्हाच बदलेल आणि सुरक्षेचे अपडेटही चुकणार नाहीत, अशी घडी कोणी बसवली आहे का?

रूट_कोकणी (सोमवार, रात्री ११:१५)

लालबाग-डोंबिवलीचं उत्तर आधी देतो, कारण ते अनेकांना माहीत नसतं. मशीनमध्ये काहीही बिघाड नाही. उबुंटूचे साधे अपडेट, म्हणजे सुरक्षेचे सोडून बाकीचे, सगळ्या जगाला एकदम मिळत नाहीत. आधी थोड्या टक्के मशीन्सना, मग आणखी थोड्यांना, असं करत शंभर टक्क्यांपर्यंत जातात. मधेच बिघाडाच्या तक्रारी आल्या तर वाटप थांबवतात. याला फेज्ड अपडेट म्हणतात. पूर्वी हे फक्त डेस्कटॉपच्या अपडेट मॅनेजरपुरतं होतं, २१.०४ पासून ॲप्ट, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, स्वतःच ते पाळतं. म्हणून २२.०४ वर तुम्हाला दिसलं.

कोणतं मशीन आधी आणि कोणतं नंतर हे ठरतं मशीन-आयडी (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळखक्रमांक), पॅकेजचं नाव आणि आवृत्ती यांच्या मिश्रणावरून. त्यामुळे आज डोंबिवली पुढे असेल, पुढच्या पॅकेजला लालबाग पुढे असेल. 'ॲप्ट-कॅश पॉलिसी' चालवून पाहा, नव्या आवृत्तीपुढे फेज्ड आणि किती टक्के ते लिहिलेलं असतं.

उपाय सोपा आहे. ॲप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'नेव्हर-इन्क्लूड-फेज्ड-अपडेट्स' ही सेटिंग सगळ्या मशीनवर खरी करून टाका. मग वाटप पूर्ण झाल्याशिवाय कोणतंच मशीन तो अपडेट उचलणार नाही. याच्या उलट सेटिंगही आहे, 'ऑलवेज' वाली. तीही सगळ्यांना सारखं ठेवते, पण तिच्यात तुम्ही पहिल्या फळीत जाता. पतपेढीच्या मशीनला मी पहिल्या फळीत उभं करणार नाही.

एकाच इमेजवरून मशीन बसवली म्हणताय, तर मशीन-आयडी वेगवेगळे झालेत ना हेही बघा. लालबाग-डोंबिवलीचे वेगळे आहेत हे तर दिसतंयच, कारण फेजिंग वेगळं पडलं.

सायली_टर्मिनल (सोमवार, रात्री ११:३२)

ठाण्याबद्दल विचारते. शाखा बंद करताना मशीन चालू ठेवतात की बंद करतात? आणि त्या मशीनवर 'टाइमडेटसीटीएल' (घड्याळ आणि टाइमझोन सांगणारी कमांड) काय दाखवतं?

भांडुपचा_पेंग्विन (मंगळवार, सकाळी ८:०५)

@रूट_कोकणी, डोक्यावरचं ओझं उतरलं. पॉलिसीमध्ये खरंच फेज्ड लिहिलेलं आहे. मनापासून आभार.

@सायलीताई, ठाण्याला शिपाईकाका रात्री कुलूप लावताना मेन स्विचच पाडतात. शॉर्टसर्किटची भीती, आणि संचालक मंडळाचा तसा नियमच आहे. वेळ भारतीय दाखवते. पण तुमचा प्रश्न वाचून बाकीची मशीनं पाहिली, तर पनवेलच्या दोन्ही मशीनवर टाइमझोन यूटीसी आहे.

सायली_टर्मिनल (मंगळवार, सकाळी ९:५०)

मग दोन्ही कोडी सुटली.

उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स हे आपोआप अपडेट बसवणारं साधन मुळातच चालू असतं. त्याला जागं करणारा टायमर आहे 'ॲप्ट-डेली-अपग्रेड'. वेळ सकाळी ६, त्यात तासाभरापर्यंतचा यादृच्छिक उशीर. आणि या टायमरला 'पर्सिस्टंट' खरं केलेलं असतं. म्हणजे ६ वाजता मशीन बंद असेल, तर चुकलेलं काम मशीन चालू झाल्यावर भरून काढायचं. ठाण्याला मेन स्विच वर होतो साडेनऊला. मशीन उठतं आणि राहिलेला अपडेट तेव्हाच सुरू होतो. त्यात पोस्टग्रेसचा सुरक्षा अपडेट असेल तर पॅकेज बसताना सर्व्हर रीस्टार्ट होणारच. नेमकी तीच वेळ पहिल्या व्हाउचरची.

पनवेलला मशीनच्या लेखी सकाळचे ६ म्हणजे आपले साडेअकरा. ऐन गर्दीची वेळ. तिथे अजून तक्रार आली नसेल तर येईल. टाइमझोन आजच बदला.

टायमरची वेळ बदलायला 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा, मूळ फाइलला हात लावू नका. एक बारकावा आहे. नव्या तुकड्यात आधी 'ऑनकॅलेंडर' रिकामं लिहायचं आणि पुढच्या ओळीत नवी वेळ द्यायची. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ जात नाही, नवी तिच्यात भर पडते आणि अपडेट दोनदा चालतो.

वेळ कोणती ठेवायची? बऱ्याच पतपेढ्या दुपारी बंद असतात, संध्याकाळी पुन्हा उघडतात. तुमच्या शाखांत तसं असेल तर दुपारची वेळ उत्तम. मशीन चालू, माणसं जेवायला. यादृच्छिक उशीर मात्र कमी करा, नाहीतर रिकामी वेळ उशिरातच संपेल.

बंद होताना अपडेट बसवायचा पर्यायही अनअटेंडेड-अपग्रेड्समध्ये आहे. पण जिथे मेन स्विच पाडतात तिथे तो अजिबात वापरू नका. डीपीकेजीचं (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं साधन) काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर सकाळी 'डीपीकेजी कॉन्फिगर ऑल' करत बसावं लागतं, आणि शाखेत ते करणारं कोणी नसतं.

जुनाजाणता_युनिक्स (मंगळवार, दुपारी १:२०)

इतकं कशाला? पोस्टग्रेस आणि एन्जिनएक्स दोघांवर 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून मोकळे व्हा. मी कित्येक वर्षं हेच करत आलो आहे. हवं तेव्हा होल्ड काढायचा, अपग्रेड करायचा, परत लावायचा. रेड हॅट घराण्यात डीएनएफचं व्हर्जनलॉक आहे, तेही तसंच. एखादी विशिष्ट आवृत्तीच हवी तर प्रेफरन्सेसमध्ये पिन टाका, म्हणजे ती आवृत्ती नेमून द्या. प्राधान्य १००० च्या वर दिलं तर ॲप्ट आवृत्ती मागेसुद्धा नेतं. साधी, सरळ, पारखलेली हत्यारं आहेत ही.

ऑडिट_आणि_चहा (मंगळवार, दुपारी २:०५)

जुनाजाणता काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवून सांगते, या प्रकरणात माझा होल्डला ठाम विरोध आहे. मी आर्थिक संस्थांची सुरक्षा तपासणी करते. दरवेळी जी मशीनं धोक्यात सापडतात त्यांतली बरीचशी अशी असतात की कोणीतरी कधीतरी होल्ड लावला, मग तो माणूस नोकरी सोडून गेला आणि होल्ड तिथेच राहिला. होल्ड सुरक्षेच्या अपडेटलाही अडवतो. अनअटेंडेड-अपग्रेड्स होल्डचा मान राखतं आणि मुकाट पुढे जातं. ईमेल नाही, आरडाओरडा नाही. मशीन रोज अपडेट होतंय असं सगळ्यांना वाटत राहतं.

होल्ड लावायचाच असेल तर त्याचं कारण, लावणाऱ्याचं नाव आणि काढायची तारीख एका ठिकाणी लिहून ठेवा. आणि सगळ्या मशीनवरचा 'शोहोल्ड' आठवड्यातून एकदा एकत्र गोळा करा.

रूट_कोकणी (मंगळवार, दुपारी २:४०)

+१. त्यात पोस्टग्रेसला होल्ड लावण्यामागे जी भीती असते तीच मुळात गैरसमजातून येते. 'एक दिवस उठलो आणि १४ चं १५ झालं तर?' उबुंटूच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजेसच्या कोठारात) असं होत नाही. २२.०४ ला १४, २४.०४ ला १६, आणि मोठी आवृत्ती पॅकेजच्या नावातच असते. अपडेटने १४.१० चं १४.११ होईल, तेवढंच. त्या छोट्या आवृत्त्यांत डेटाची मांडणी बदलत नाही, दुरुस्त्या असतात. त्या घ्यायलाच हव्यात.

पोस्टग्रेसवाल्यांची स्वतःची रिपॉझिटरी जोडली असेल आणि नावात आकडा नसलेलं 'पोस्टग्रेसक्यूएल' हे मेटापॅकेज (फक्त दुसऱ्या पॅकेजकडे बोट दाखवणारं) बसवलेलं असेल, तर मात्र नवी मोठी आवृत्ती शेजारी येऊन बसते, वेगळ्या पोर्टवर, रिकामा क्लस्टर (डेटाबेसचा संच) घेऊन. जुना तसाच चालू राहतो. ते मेटापॅकेज काढून टाका, आकडा असलेलंच ठेवा.

सायली_टर्मिनल (मंगळवार, रात्री ९:१०)

घरी पोचले, आता निवांत लिहिते. धाग्याचा खरा विषय मला हा वाटतो, म्हणून सविस्तर.

होल्ड असो की पिन, आपण आवृत्ती मशीनवर गोठवतो आहोत. चाळीस मशीन म्हणजे गोठवायच्या चाळीस जागा, आणि प्रत्येक जागा हळूहळू वेगळी होत जाते. शिवाय पिनमध्ये एक सापळा आहे. समजा तुम्ही प्लेबुकमध्ये (ॲन्सिबल या अनेक मशीन्स सांभाळणाऱ्या साधनाच्या सूचनांच्या फाइलमध्ये) एन्जिनएक्सची अगदी पूर्ण आवृत्ती लिहिलीत, शेवटच्या आकड्यापर्यंत. आज चालेल. महिन्याभराने सुरक्षेचा अपडेट आला की उबुंटूच्या मुख्य आर्काइव्हमधून आधीचा अपडेट काढून टाकला जातो. तिथे रिलीजच्या वेळची मूळ आवृत्ती राहते आणि अपडेट्स व सिक्युरिटी या कप्प्यांतली ताजी राहते, मधल्या नाहीत. मग अंबरनाथला नवं मशीन बसवताना तेच प्लेबुक 'आवृत्ती सापडली नाही' म्हणून थांबतं. जुन्या मशीनवर एक आवृत्ती, नव्यावर ती मिळतच नाही, आणि रात्री कोणीतरी घाईत पिन काढून टाकतं.

म्हणून आवृत्ती मशीनवर गोठवायची नाही, ती जिथून येते तिथे गोठवायची. आमच्याकडे शेअर बाजाराशी जोडलेली यंत्रणा आहे. सकाळी ९ ला प्री-ओपन, सव्वानऊ ते साडेतीन बाजार. या वेळात एकही पॅकेज हललेलं चालत नाही. आम्ही हे असं करतो. ॲप्टली नावाचं साधन आहे. ते उबुंटूच्या रिपॉझिटरीची आपल्या सर्व्हरवर प्रत घेतं. त्या प्रतीचा स्नॅपशॉट काढायचा, त्याला तारखेचं नाव द्यायचं, आपल्या स्वतःच्या जीपीजी (डिजिटल सहीच्या) किल्लीने सही करून प्रकाशित करायचा. सगळ्या मशीन्सना फक्त आपलाच पत्ता माहीत. मशीनवर होल्ड नाही, पिन नाही, काही नाही. ती बिनधास्त 'जे ताजं असेल ते घे' म्हणतात. पण ताजं काय, ते आपण ठरवतो.

बदल करायचा दिवस आला की नवा स्नॅपशॉट आधी चाचणीच्या मशीन्सना द्यायचा. मग दोन-तीन शाखा, शक्यतो अशा की जिथला शाखाधिकारी फोन उचलतो. आठवडाभर काही कुरकुर नाही आली, तर 'पब्लिश स्विच' करून सगळ्यांना. गडबड झाली तर स्विच मागे. बसलेलं पॅकेज त्याने आपोआप उलटत नाही, पण ज्या मशीनपर्यंत ते पोचलं नाही ती वाचतात. आणि अंबरनाथचं नवं मशीन पहिल्याच दिवशी बाकीच्यांसारखंच होतं, कारण सगळ्यांच्या घरी एकाच टाकीचं पाणी येतं.

अख्ख्या उबुंटूची प्रत घ्यायची गरज नाही. ॲप्टलीत फिल्टर लावून हवी ती पॅकेजेस आणि त्यांना लागणारी पॅकेजेस एवढीच घेता येतात. तुमच्यासारख्या ठरावीक कामाच्या मशीनला ते पुरेल.

माटुंग्याचा_विद्यार्थी (मंगळवार, रात्री ९:४८)

ताई, एक शंका. २४.०४ मध्ये ॲप्टलाच तारीख देता येते असं वाचलं. मग स्वतःचा सर्व्हर कशाला?

सायली_टर्मिनल (मंगळवार, रात्री १०:०२)

बरोबर वाचलंस. उबुंटूची स्वतःची स्नॅपशॉट सेवा आहे, मार्च २०२३ पासूनच्या कोणत्याही क्षणाची रिपॉझिटरी मागता येते. डेबियनची तशीच सेवा तर फार जुनी. डेबियनच्या बाबतीत जुन्या तारखेची रिलीज फाइल मुदत संपलेली दिसते, म्हणून सोर्स लिहिताना ती मुदत तपासू नको असं सांगावं लागतं. दोन-चार मशीन असतील तर हाच मार्ग घे, छान आहे. पण तिथे तारीख प्रत्येक मशीनवर लिहावी लागते आणि प्रत्येक मशीनला बाहेरचं इंटरनेट लागतं. शाखांच्या मशीनला बाहेरचं इंटरनेट जितकं कमी तितकं बरं.

जुनाजाणता_युनिक्स (मंगळवार, रात्री १०:३०)

सायली, पटलं. आमच्या काळात मशीनं मोजकी होती, होल्डने भागत होतं. चाळीस शाखांना तुझी पद्धत योग्य. फक्त एक विचारतो. स्नॅपशॉट महिनाभर गोठवून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी ओपनएसएसएचमध्ये (दूरून लॉगिन करायच्या साधनात) भगदाड सापडलं, तर?

सायली_टर्मिनल (मंगळवार, रात्री १०:४४)

सिक्युरिटी कप्प्याचा वेगळा मिरर, वेगळा स्नॅपशॉट, आणि तो रोज. साध्या अपडेटचा महिन्यातून एकदा. दोन स्नॅपशॉट ॲप्टलीत एकत्र करता येतात. तातडीचं असेल तर त्याच दिवशी चाचणी करून स्विच. गोठवणं म्हणजे झोपणं नाही.

ऑडिट_आणि_चहा (बुधवार, सकाळी ११:२५)

काकांनी ओपनएसएसएचचं नाव काढलंच आहे, तर त्यावर लिहायलाच हवं. कारण आवृत्तीच्या आकड्यावरून सगळ्यात जास्त वाद तिथे होतात.

१ जुलै २०२४ ला रिग्रेएसएसएच हा दोष जाहीर झाला. मूळ प्रकल्पात दुरुस्ती ९.८ मध्ये आली. दुसऱ्या दिवसापासून स्कॅनरचे अहवाल घेऊन लोक पळू लागले, 'तुमच्याकडे ८.९ आहे, ९.८ करा'. उबुंटू २२.०४ वर ९.८ येतच नाही! तिथे ८.९ मध्येच दुरुस्ती मागे आणून बसवली जाते. सुरक्षित आवृत्ती होती ८.९पी१-३उबुंटू०.१०. डेबियन १२ वर ९.२पी१-२+डेब१२यू३. सुरुवातीचा ८.९ हा आकडा काहीच सांगत नाही, शेपटीतला ०.१० सगळं सांगतो. आणि २०.०४ वरचं ८.२ तर या दोषापासून मुळातच मोकळं होतं, कारण तो ८.५ मध्ये शिरला होता. म्हणजे त्या दिवशी जुनं मशीन सुरक्षित आणि नवं धोक्यात.

त्यामुळे मी ऑडिटला जाते तेव्हा 'ओपनएसएसएच कितवं' असं विचारत नाही. पॅकेजची पूर्ण आवृत्ती मागते आणि ती वितरणाच्या सुरक्षा सूचनेशी ताडून पाहते. ऑडिटरने अडून बसून ९.८ मागितलं, तर कृपा करून सोर्समधून कंपाइल करू नका. तसं केलं की ते मशीन ॲप्टच्या हिशोबातून कायमचं बाहेर जातं, पुढचा दोष आला तर अपडेट मिळणार नाही. वितरणाची सूचना छापून पुढ्यात ठेवा.

आणखी एक. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवायचे. ६ तासांत चाळीस शाखांना एकेक करून लॉगिन करत बसणार का? 'कुठे काय बसलं आहे' याची यादी आधीच तयार हवी. २९ मार्च २०२४ आठवा. गुड फ्रायडेची सुट्टी, आणि एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात मागचं दार (लपवलेली चोरवाट) सापडल्याची बातमी. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघडकीला आलं. बाधित आवृत्त्या फक्त ५.६.० आणि ५.६.१. ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी पाच मिनिटांत शोधलं, नाही म्हणून खात्री केली आणि झोपले. बाकीचे शनिवार-रविवार मशीनं तपासत होते.

पोस्टग्रेसवेडा (बुधवार, दुपारी १२:५०)

धागाकर्ते, तुमच्या १८.०४ च्या दोन मशीनबद्दल काळजी वाटते म्हणून लिहितो. त्या मशीनवरून दुसरीकडे स्ट्रीमिंग रेप्लिका (डेटाबेसची सतत ताजी राहणारी प्रत) चालते का? किंवा १८.०४ ची डेटा डिरेक्टरी उचलून २०.०४ वर ठेवायचा विचार आहे का?

विचारायचं कारण ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी. २.२८ या आवृत्तीत मजकुराच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. १८.०४ वर २.२७ आहे, २०.०४ वर २.३१. पोस्टग्रेस दोन्हीकडे अगदी तेच असलं, तरी मजकुराच्या कॉलमवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले असतात आणि नवं ग्लिबसी ते नव्या क्रमाने वाचतं. खातेदाराचं नाव टेबलात असतं पण शोधलं तर सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही तोच सभासद क्रमांक दोनदा शिरू शकतो. एरर येत नाही, हे सगळ्यात वाईट.

डंप (डेटाची निर्यात) काढून रिस्टोर केलं तर प्रश्नच नाही, इंडेक्स नव्याने बनतात. डिरेक्टरी तशीच हलवली किंवा जागच्या जागी ओएस अपग्रेड केली, तर मजकुराचे इंडेक्स रीइंडेक्स करा, आणि ते झाल्याशिवाय काउंटर उघडू नका.

सांगायचं हे की आवृत्तीची यादी करताना पोस्टग्रेसची एकटी नका घेऊ, ग्लिबसी आणि ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) बरोबर घ्या.

भांडुपचा_पेंग्विन (बुधवार, दुपारी ३:३०)

बाप रे. रेप्लिका नाही, पण जागच्या जागी अपग्रेडचा बेत होता. आता डंप-रिस्टोरच. फार मोठं काम वाचवलंत.

रूट_कोकणी (बुधवार, संध्याकाळी ६:१५)

१८.०४ चा नियमित पाठिंबा मे २०२३ ला संपला, २०.०४ चा मे २०२५ ला. तुमच्या त्या मशीन्सना उबुंटू प्रो घेतल्याशिवाय सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. आवृत्ती अगदी स्थिर दिसेल, कारण कोणी हलवणारंच नाही. पहिला नंबर त्यांचाच लावा.

आणि यादीत एक रकाना वाढवा: बसलेली आवृत्ती वेगळी, चालत असलेली वेगळी. ओपनएसएसएलचं पॅकेज नवं झालं, पण एन्जिनएक्स दोन महिन्यांपासून चालू असेल तर त्याच्या मेमरीत जुनीच लायब्ररी आहे. डीपीकेजी म्हणेल सगळं छान. 'नीडरीस्टार्ट' चालवलं की कोणत्या सर्व्हिस जुन्या लायब्ररीला धरून बसल्या आहेत ते कळतं. कर्नलचंही तसंच. 'यूनेम' चालू कर्नल सांगतं, डीपीकेजी बसलेला सांगतं, रीबूट झाला नसेल तर दोन्ही जुळत नाहीत.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. अंधेरीच्या एका ऑफिसात मी तेव्हा काम पाहायचो. यूपीएस संपले, सर्व्हर पडले. वीज आल्यावर त्यातला एक उठेना. मधल्या काळात कर्नल बसत गेले होते, पण रीबूट कधीच झाला नव्हता, आणि नेटवर्क कार्डाचा बाहेरून बसवलेला ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बांधलाच गेला नव्हता. मशीन चालू, स्क्रीनवर लॉगिन, पण नेटवर्क नाही. कोणीतरी तिथे जाऊन आधीचा कर्नल निवडेपर्यंत सगळे खोळंबले. तुमच्या शाखा रोज मेन स्विच पाडतात, त्यामुळे हा धोका तुम्हाला उलट कमी आहे. रोजच रीबूटची परीक्षा होते.

भांडुपचा_पेंग्विन (बुधवार, रात्री १०:५०)

आता जोडणीचं विचारतो. सुमारे निम्म्या शाखांत मोबाइल डोंगल आहे. बाहेरून आत एसएसएच होत नाही. आतापर्यंत रिमोट डेस्कटॉपच्या एका साधनाने एकेक मशीन उघडत होतो. ॲन्सिबल शिकायला घेतलंय, पण मशीनपर्यंत पोचणारच कसं?

सायली_टर्मिनल (गुरुवार, सकाळी ७:४०)

लोकलमध्ये आहे, थोडक्यात लिहिते.

वायरगार्ड, म्हणजे एक व्हीपीएन. प्रत्येक शाखेचं मशीन स्वतःहून महापेच्या सर्व्हरशी बोगदा जोडेल, डोंगलच्या मागे असलं तरी. 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, म्हणजे मधला नॅट (आतले-बाहेरचे पत्ते बदलणारा थर) वाट विसरणार नाही. २२.०४ च्या कर्नलमध्ये वायरगार्ड आहेच. मग ॲन्सिबल, ॲप्टली, लॉग, सगळं त्या बोगद्यातून.

ॲन्सिबलमध्ये मुळात एका वेळी ५ मशीन चालतात, तो फोर्क्सचा आकडा वाढवता येतो. पण अपग्रेडच्या प्लेबुकला 'सीरियल' लावा, आधी एक शाखा, मग पाच, मग उरलेल्या. एका तुकडीत मशीन पडायला लागली तर 'मॅक्स फेल पर्सेंटेज' पुढचं थांबवतं. पॅकेजच्या मॉड्यूलला 'लेटेस्ट' सांगायला इथे हरकत नाही, कारण स्रोत आपला गोठवलेला आहे. एरवी 'लेटेस्ट'ला हात लावू नका.

यादीसाठी 'पॅकेज फॅक्ट्स' मॉड्यूल आहे. रोज दुपारी गोळा करा, तारखेच्या फाइलमध्ये टाका, गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. कोणत्या शाखेत काय बदललं ते डिफमध्ये दिसतं.

जुनाजाणता_युनिक्स (गुरुवार, सकाळी १०:१०)

दूरच्या मशीनवर अपग्रेड अडकायची सगळ्यात जुनी जागा सांगतो: कॉन्फिग फाइलचा प्रश्न. पॅकेजच्या नव्या आवृत्तीत कॉन्फिग फाइल बदललेली असते, आपण आपली बदललेली असते, आणि डीपीकेजी विचारतं 'कोणती ठेवू?'. पलीकडे उत्तर द्यायला कोणी नसतं. एसएसएच तुटलं की प्रश्न हवेत लटकतो आणि लॉक तसाच राहतो. म्हणून फ्रंटएंड नॉनइंटरॅक्टिव्ह ठेवायचा आणि 'कॉन्फडेफ' व 'कॉन्फओल्ड' हे दोन्ही पर्याय द्यायचे, म्हणजे आपली फाइल शाबूत राहते. नवी फाइल शेजारी डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने पडून राहते. ती नंतर सवडीने वाचायची, कारण त्यात कधीकधी महत्त्वाचा बदल असतो.

हाताने करणार असाल तर टीमक्सच्या (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या साधनाच्या) आतच करा. पारसिकच्या बोगद्यात मोबाइलची रेंज जाते, अपग्रेड चालू राहायला हवा.

माटुंग्याचा_विद्यार्थी (गुरुवार, सकाळी १०:४५)

वाखुसा (वाचनखूण साठवली). एवढं कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

भांडुपचा_पेंग्विन (शनिवार, दुपारी ४:२०)

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी आहेत. आतापर्यंत काय केलं ते सांगतो, चुकत असेल तर लगेच थांबवा.

पनवेलचे टाइमझोन बदलले. फेज्डची सेटिंग सगळीकडे 'नेव्हर'. अपग्रेडचा टायमर दुपारी दोनला, उशीर दहा मिनिटांपर्यंत. जिथे दुपारची सुट्टी नाही तिथल्या शाखाधिकाऱ्यांशी बोलून वेळ घेतली. ठाण्याला कालपासून सकाळ शांत आहे, कॅशियरताईंनी स्वतः फोन करून सांगितलं.

वायरगार्ड अर्ध्या शाखांत चालू झालं. यादी काढली, तर तीन मशीनवर होल्ड सापडले, आमच्या आधीच्या सहकाऱ्याने लावलेले, एन्जिनएक्सवर. कारण कुठेच लिहिलेलं नाही. चाचणीच्या मशीनवर नव्या एन्जिनएक्सबरोबर आमचं ॲप्लिकेशन पूर्ण तपासलं, काही अडत नाही, म्हणून होल्ड काढतोय. १८.०४ च्या दोन्ही शाखांना नवं मशीन बसवायचं मंजूर झालं. संचालकांना 'सुरक्षेचे अपडेट बंद होऊन इतकी वर्षं झाली' एवढं एकच वाक्य पुरलं.

ॲप्टली महापेला चढवलं आहे. एकच शंका: सहीसाठी जी जीपीजी किल्ली बनवली तिला मुदत द्यावी का? आणि जुने स्नॅपशॉट किती ठेवता?

सायली_टर्मिनल (शनिवार, संध्याकाळी ५:०५)

मुदत द्या, पण ती संपायच्या बऱ्याच आधीची आठवण तुम्हा दोघांच्याही कॅलेंडरवर लावा. किल्लीची मुदत संपली की चाळीसच्या चाळीस मशीनचा ॲप्ट अपडेट एकाच सकाळी नकार देतो. वाढवलेली किल्ली शाखांत पोचवायचं प्लेबुक आजच लिहून ठेवा. खाजगी किल्लीची एक प्रत महापेच्या बाहेर, पासफ्रेजसकट कुलपात.

स्नॅपशॉट निदान इतके ठेवा की सगळ्यात मागे राहिलेल्या शाखेवर जे बसलं आहे ते तुमच्याकडे सापडेल. आम्ही सहा महिन्यांचे ठेवतो. जुने काढल्यावर 'डीबी क्लीनअप' चालवायला विसरू नका, नाहीतर डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

भांडुपचा_पेंग्विन (शनिवार, संध्याकाळी ५:१२)

सहा महिने ठरलं. सोमवारी पहिला स्नॅपशॉट भांडुप आणि मुलुंडला देतो, दोन्ही शाखा माझ्या घराजवळ आहेत. काय होतं ते इथेच लिहीन.